मुराळी

दिवाळीला आठ दिवस राहिले की बडनेऱ्याच्या फलाटावर एक माणूस हमखास दिसतो. अंगात नवा सदरा, हातात पिशवी आणि पिशवीत फराळाचा स्टीलचा डबा. कुठं निघालात असं त्याला विचारावं लागत नाही. तो बहिणीला आणायला निघालेला असतो. त्याला मुराळी म्हणतात. आता लेकी स्वतः तिकीट काढून येतात, नाही तर जावई मोटारीनं आणून सोडतात, तरी हा माणूस अजून संपलेला नाही. वाटेत सोबत करणं हे त्याचं वरवरचं काम. सासरच्या दारात उभं राहून, एक शब्द न बोलता, 'ही आमची आहे आणि आम्ही हिला विसरलो नाही' एवढं सांगणं हे त्याचं खरं काम.

या लेखात ज्या लेकीबद्दल लिहितो आहे, तिच्या दारात वऱ्हाडातून असा मुराळी गेला नाही. ती अकोल्याची. 24 ऑगस्ट 1907 चा जन्म. 1927 साली लग्न करून ती समुद्रापार दक्षिण आफ्रिकेत गेली, 1988 साली वारली, आणि मधली जवळजवळ साठ वर्षं तिनं एक घर, एक छापखाना, एक वर्तमानपत्र आणि एक अख्खी वसाहत सांभाळली. माहेरचं नाव सुशीला नानाभाई मश्रूवाला. सासरचं नाव सुशीला मणिलाल गांधी. सासरे कोण, हे सांगायची गरज नाही, आणि तिच्या बाबतीत घोटाळा तिथंच झाला. सासऱ्यांच्या नावाखाली ती अशी झाकली गेली की अकोल्यातल्या शाळेतल्या पोरांनाही ही आपल्या गावची हे माहीत नसतं. तिच्याबद्दल लिहिताना मी 'त्या' म्हणणार नाही. लेकीला आपण अहो-जाहो करत नाही.

बडनेऱ्याच्या माणसानं अकोल्याच्या लेकीची चौकशी का करावी? एक कारण अगदी जवळचं आहे. जुन्या गॅझेटियरमध्ये आमच्या गावाचं नाव 'बडनेरा बीबी' असं सापडतं. इमादशाहीची राजकन्या दौलतशाह बेगम अहमदनगरच्या निजामशाहीत दिली, तेव्हा हे गाव तिच्या आंदणात गेलं, म्हणून हे नाव पडल्याचं सांगतात. सासरी गेलेल्या एका लेकीच्या नावानं आमचं गाव ओळखलं जात होतं. पुढं 'बीबी' गळालं आणि नुसतं बडनेरा उरलं. राजकन्येचंही नाव टिकलं नाही, तिथं कापसाच्या पेठेतल्या एका पोरीचं कुठून टिकणार?

पण वऱ्हाडाला लेकींची आठवण ठेवता येत नाही असंही नाही. अमरावती जिल्ह्यातलं वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. तिथून दर आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते. एवढ्या अंतरावर, एवढ्या शतकांनंतर, माहेरची माणसं चालत लेकीला भेटायला जातात. रुक्मिणी वऱ्हाडातून द्वारकेला गेली, म्हणजे आजच्या गुजरातेत. सुशीलाचा प्रवास नेमका उलटा. तिचं घराणं गुजराती, मूळचं सुरतेकडचं, ते अकोल्यात येऊन रुजलं. कापसाच्या दिवसांत सरकीचा वास, जिनिंग-प्रेसिंगचे भोंगे आणि रस्त्यात अडकलेल्या बंड्या असं ते अकोला. गुजराती, कच्छी, मारवाडी घरं त्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. घरात गुजराती, दारात वऱ्हाडी, अशी ही माणसं. त्यांच्या लेकींना आपण आपल्या म्हणतो की नाही, हा प्रश्न माझ्या मनात नाही. अकोल्यात जन्मली, अकोल्यातून सासरी गेली, ती अकोल्याची.

मश्रूवाला हे नाव मराठी वाचकाला माहीत आहे ते किशोरलालभाईंमुळे. 'जीवनशोधन'चे लेखक, गांधी सेवा संघाचे अध्यक्ष, आणि गांधीजींच्या खुनानंतर 'हरिजन'चे संपादक. दम्यानं कायम पोखरलेली काया, पण विचार इतका स्वच्छ की गांधीजींशी मतभेद असले तर तेही ते सरळ मांडत. 9 सप्टेंबर 1952 ला ते वर्ध्याला वारले. तरुणपणी त्यांनी अकोल्यात काही काळ वकिली केली होती. त्यांचे भाऊ नानाभाई अकोल्यातच राहिले, आणि सुशीला ही या नानाभाईंची मुलगी. तिची बहीण ताराबेन. ती सासरी गेलीच नाही. अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजार तालुक्यातल्या माधान गावी तिनं कस्तुरबा ट्रस्टच्या कामात आपलं आयुष्य घातलं. एक बहीण माधानला आणि दुसरी डरबनजवळ फिनिक्सला, एवढं या दोघींमधलं अंतर. बडनेऱ्याहून माधान पन्नासेक किलोमीटर असेल. फिनिक्स मात्र हिंदी महासागरापलीकडे.

*

मणिलाल हा गांधीजींचा दुसरा मुलगा, 1892 चा जन्म. त्याचं बालपण वडिलांच्या प्रयोगांत गेलं. शाळा नाही, पदवी नाही, तुरुंग मात्र तरुणपणीच. गांधीजी भारतात परतल्यावर 'इंडियन ओपिनियन' चालवायला त्याला पुन्हा दक्षिण आफ्रिकेत पाठवण्यात आलं. 1903 साली सुरू झालेलं हे साप्ताहिक डरबनजवळच्या फिनिक्स वसाहतीतून निघत असे. शंभर एकरांची ही वसाहत 1904 साली गांधीजींनी वसवली होती. तिशी उलटून गेली तरी मणिलाल एकटाच होता.

इथं एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. मणिलालचं मन केपटाऊनच्या एका मुस्लिम कुटुंबातल्या मुलीवर होतं, आणि तिचंही त्याच्यावर. 1926 साली त्यानं वडिलांना कळवलं. गांधीजींनी परवानगी दिली नाही. धर्म, समाज, चळवळीवर होणारा परिणाम अशी कारणं त्यांनी दिली. मुलानं ऐकलं. वर्षाच्या आत त्याच्यासाठी वैष्णव वाणी घरातली मुलगी ठरली, अकोल्याच्या नानाभाईंची सुशीला. तो 34 वर्षांचा, ती 19 वर्षांची. पुढं हेच गांधीजी केवळ आंतरजातीय लग्नालाच आशीर्वाद देऊ लागले, पण 1926 मध्ये ते तिथं पोचले नव्हते. मला हा निर्णय आजही खुपतो. योगायोग असा की त्याच 1927 सालच्या 26 नोव्हेंबरला आमच्या अमरावतीच्या पंजाबराव देशमुखांनी जातीबाहेर विमलाबाईंशी लग्न केलं आणि समाजाचा रोष अंगावर घेतला. एका सालात वऱ्हाडाशी नातं सांगणारी ही दोन लग्नं झाली. एकात बेडी तुटली, दुसऱ्यात ती तशीच राहिली.

तरी या लग्नाआधी गांधीजींनी मुलाला जे पत्र लिहिलं, ते मराठी घरांत आजही वाचून दाखवावं असं आहे. त्यातला आशय असा: सुशीलाच्या स्वातंत्र्याचा मान राख. तिला सोबतीण मान, दासी मानू नकोस. स्वतःच्या शरीराची घेतोस तेवढीच काळजी तिच्या शरीराची घे. आणि तिच्या इच्छेशिवाय तिच्या अंगाला हात लावू नकोस. 1927 साल लक्षात घ्या. सून घरात येण्याआधी तिच्या संमतीचा शब्द सासरा आपल्या मुलाकडून मागतो आहे. त्या काळच्या किती सासऱ्यांनी हा विचार तरी केला असेल? ज्या माणसानं आदल्याच वर्षी मुलाची निवड मोडली, त्याच माणसानं सुनेची बाजू अशी घेतली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही सांगितल्या.

6 मार्च 1927 ला, रविवारी, अकोल्यात लग्न झालं. गांधीजी त्या वेळी महाराष्ट्रात खादीच्या दौऱ्यावर होते आणि मुलाच्या लग्नाला अकोल्यात हजर होते. पुढं तीन आठवड्यांच्या आत कोल्हापूर-निपाणीकडच्या धावपळीत त्यांची प्रकृती एकदम ढासळली आणि डॉक्टरांनी दौरा थांबवला. कोल्हापूरचं नाव इथं मुद्दाम घेतलं. या कुटुंबाच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

वऱ्हाड हे आपल्या प्रांताचं नाव, आणि लग्नाला निघालेल्या माणसांनाही आपण वऱ्हाडच म्हणतो. लग्नातल्या वऱ्हाडानं जेवून-खाऊन परतावं, ही रीत. नवरी मात्र परतत नाही. त्याच वर्षी सुशीला आगबोटीत बसली.

*

फिनिक्सला तिनं काय पाहिलं असेल? चौफेर उसाचे मळे. ते मळे ज्यांच्या घामानं उभे राहिले त्या गिरमिटिया मजुरांची वस्ती. पत्र्याची-लाकडाची घरं, पावसाच्या पाण्याच्या टाक्या, गवतातले साप. टेकड्यांवर झुलू शेजाऱ्यांची वाडी. आणि छापखाना.

ती छापखान्यात शिरली. या गोष्टीपाशी मी थांबतो, कारण तिच्याबद्दल जिथं कुठं दोन ओळी लिहिलेल्या सापडतात तिथं हे ओझरतं येतं आणि निघून जातं. सुशीला गुजराती मजकुराचे खिळे जुळवायला शिकली. म्हणजे ती जुळारी झाली. ज्यांनी जुन्या छापखान्यात उमेदवारी केली त्यांना हे काम काय असतं ते माहीत आहे. समोर खिळ्यांची केस, शेकडो खण, कुठल्या खणात कुठलं अक्षर हे बोटांना पाठ असावं लागतं. अक्षर उलटं वाचायचं. ओळ हातातल्या पट्टीत भरायची, जागा कमी-जास्त झाली तर पातळ पट्ट्या घालून ओळ घट्ट बसवायची. दिवसभर उभं राहायचं. शिशाची काळपट बुकी नखांत बसते आणि कितीही धुतली तरी जात नाही. भाकरीचं पीठ मळणारे आणि लेकराला न्हाऊ घालणारे हातही तेच.

एका साप्ताहिकाला दर आठवड्याला माणसं लागतात. फिनिक्समध्ये ती पुरेशी कधीच नव्हती. वर्गणी वेळेवर येत नसे, जाहिरातींवर भिस्त ठेवायची नाही हा गांधीजींचा दंडक, आणि मणिलाल सभा-सत्याग्रहांत गुंतलेला. अशा वेळी अंक निघतो तो घरातल्या माणसांच्या हातांनी. 'इंडियन ओपिनियन' 1927 नंतर आणखी 34 वर्षं चाललं. या 34 वर्षांचा हिशेब मांडताना संपादकाचं नाव घेतात. जुळाऱ्याचंही घेतलं पाहिजे, एवढंच मला म्हणायचं आहे.

सीता 1928 साली झाली, अरुण 14 एप्रिल 1934 ला, इला 1 जुलै 1940 ला. गांधीजींची पत्रं येत राहिली. कित्येक पत्रांचा मायना एकच, 'चि. मणिलाल आणि सुशीला.' त्यात प्रकृतीची चौकशी, मुलांच्या शिक्षणाबद्दल सूचना, पैशांबद्दल ताकीद, आश्रमातल्या माणसांची खबर. ही पत्रं त्यांच्या संकलित वाङ्मयाच्या खंडांत ओळीनं छापलेली आहेत आणि कोणालाही वाचता येतात. वाचताना जाणवतं की मुलाशी बोलताना कठोर होणारा हा बाप सुनेशी बोलताना मऊ होतो. पण खंडांत फक्त त्यांची पत्रं आहेत. एक आवाज ऐकू येतो, समोरचा येत नाही. एखाद्या घरात आजोबा फोनवर बोलत असावेत आणि पलीकडची लेक काय म्हणते ते आपण त्यांच्या उत्तरांवरून ओळखावं, तशी सुशीला त्या पानांत आहे.

1930 च्या सुरुवातीला हे कुटुंब भारतात आलेलं होतं. 12 मार्चला दांडीयात्रा निघाली, तेव्हा निवडलेल्या सत्याग्रहींत मणिलाल होता. 21 मे रोजी धारासण्याच्या मिठागरावर सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली माणसांच्या रांगा लाठ्यांच्या माऱ्यात शिरत राहिल्या. वेब मिलर या अमेरिकन वार्ताहरानं ते दृश्य जगभर पोचवलं, आणि त्याच्या वृत्तान्तात पुढच्या रांगेतला मणिलाल आहे. त्याला मार बसला, मग तुरुंग झाला. सुशीलाच्या पदरात तेव्हा दीड-दोन वर्षांची सीता. धारासण्याच्या हकिकतीत ती कुठंच नाही, आणि मला वाटतं अशा प्रत्येक हकिकतीला एक मागचं दार असतं, तिथं एक बाई लेकरू कडेवर घेऊन उभी असते.

वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 1905 सालच्या 1 फेब्रुवारीला पहाटे डेबूजी झिंगराजी जानोरकर घर सोडून निघाले आणि महाराष्ट्राला गाडगेबाबा मिळाले. मागं कुंताबाई राहिल्या, मुलाबाळांसह. बाबांच्या पायांशी आम्ही सगळेच नतमस्तक होतो, त्यांच्या नावाचं विद्यापीठ अमरावतीत आहे. कुंताबाईंच्या नावाची शाळा किती गावांत आहे, ते ज्यानं त्यानं आपापल्या गावी पाहावं. दोघींचे काळ वेगळे, जाती वेगळ्या, दारिद्र्यही वेगळं. तरी घर सोडून गेलेल्या माणसाचं घर चालवणं हे काम दोघींना सारखंच आलं.

*

अरुणची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे, कारण त्यानं ती स्वतः पुस्तकांतून सांगितली. डरबनमध्ये गोऱ्या पोरांनी त्याला काळा म्हणून मारलं, काळ्या पोरांनी तो पुरेसा काळा नाही म्हणून मारलं. बारा वर्षांचं पोर सूडाच्या भावनेनं पेटलं. मग आई-वडिलांनी त्याला आजोबांकडे सेवाग्रामला आणून ठेवलं. गांधीजींनी त्याला राग म्हणजे वीज आहे असं शिकवलं, ही त्याची आवडती आठवण.

या गोष्टीत माझं लक्ष आईकडे जातं. अकोल्याहून वर्ध्याची गाडी मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव, पुलगाव करत जाते. आजही तोच मार्ग आहे. पोराला घेऊन माहेरच्या मुलखातून जाताना आमच्या या फलाटावर तिची गाडी थांबली असेल. अमरावतीकडे जाणारी माणसं इथं उतरतात, ती उतरली असतील. तिनं खिडकीतून पाहिलं असेल, किंवा पोराला झोप लागली म्हणून पाहिलंही नसेल. हे माझं मनचं आहे, कागदावर नाही. पण त्या रुळांवरून ती गेली, आणि मी रोज त्याच रुळांवरून अकोल्याची गाडी जाताना पाहतो.

30 जानेवारी 1948 ची बातमी समुद्र ओलांडून फिनिक्सला पोचली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पार्टीचं सरकार आलं आणि वर्णभेद कायद्याच्या पुस्तकात चढला. पुढच्या जानेवारीत डरबनमध्ये झुलू आणि भारतीय यांच्यात दंगल पेटली, 142 माणसं मेली. ज्यांच्या शेजारी ही वसाहत पंचेचाळीस वर्षं नांदली, त्याच दोन समाजांत हे घडलं. 1952 साली आफ्रिकन नॅशनल काँग्रेसनं अन्यायी कायदे मोडण्याची चळवळ सुरू केली. साठीच्या मणिलालनं पॅट्रिक डंकन या गोऱ्या सहकाऱ्यासोबत जर्मिस्टनच्या आफ्रिकन वस्तीत परवान्याशिवाय पाऊल टाकलं आणि पुन्हा तुरुंग पत्करला. नेल्सन मंडेला यांनी आपल्या आत्मचरित्रात अहिंसा हे तत्त्व की साधन या वादात मणिलालचा उल्लेख केला आहे. घरी छापखाना चालू होता.

एप्रिल 1956 मध्ये मणिलाल गेला. सुशीला 48 वर्षांची होती.

अशा वेळी बाई मुलाकडे पाहते. अरुण त्यानंतर भारतात आला, मुंबईत आजारी पडला असताना त्याची ओळख सुनंदा आंबेगावकर या परिचारिकेशी झाली, 1957 साली त्यांनी लग्न केलं. मराठी सून गांधींच्या घरात आली. पण दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं भारतात जन्मलेल्या या पत्नीला देशात येऊ दिलं नाही. बायको सोडून आईकडे जायचं की आईला सोडून बायकोजवळ राहायचं, हा पर्याय एका सरकारनं एका मुलापुढे ठेवला. तो मुंबईत राहिला, तिथंच वर्तमानपत्रात नोकरीला लागला. एकुलता एक मुलगा भारतात, आई फिनिक्समध्ये. वर्णभेदाबद्दल आपण गोळीबार आणि तुरुंग वाचतो. एका विधवेचं पोर तिच्यापासून तोडणं हेही त्याच कायद्यांचं काम होतं.

सुशीलानं सामान बांधून अकोल्याची वाट धरली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. तिनं तसं केलं नाही. तिनं वर्तमानपत्र हातात घेतलं. झुलू पत्रकार जॉर्डन न्गुबाने यांनी संपादनाचं काम पाहिलं, अंकाचं नाव नुसतं 'ओपिनियन' झालं, म्हणजे ते आता फक्त भारतीयांचं राहिलं नाही. नवऱ्यामागं बाईनं वारसा जपून ठेवणं आपण पाहतो. वारसा उघडा करून शेजाऱ्याला त्यात घेणं याला धाडस लागतं, आणि शार्पव्हिलच्या हत्याकांडाच्या त्या वर्षांत तर फार लागतं. पैसा नव्हता, सरकारची नजर होती. 4 ऑगस्ट 1961 ला शेवटचा अंक निघाला. गांधीजींनी उभं केलेलं ते पत्र 58 वर्षं चाललं आणि वऱ्हाडच्या लेकीच्या हातात त्यानं डोळे मिटले.

पुढची वर्षं घटनांनी कमी आणि कामानं जास्त भरलेली. वसाहतीतली शाळा, दवाखाना, आल्यागेल्याचं जेवण, ट्रस्टच्या सभा, नातवंडं. भोवतालच्या इनांडा भागात गावाकडून हुसकावलेली माणसं झोपड्या घालून राहू लागली, वस्ती दाटली. सत्तरच्या दशकात वेगवेगळ्या वर्णांचे विद्यार्थी फिनिक्सला श्रमशिबिरांना येऊ लागले. वर्णभेदाच्या देशात एका पंगतीला बसायला मोकळी अशी ती जागा होती. मग सरकारनं धाकटी मुलगी इला आणि जावई मेवा रामगोबिन यांच्यावर बंदीहुकूम बजावले. इलावर अनेक वर्षं ही बंदी होती, त्यातला मोठा काळ घरातच नजरकैद. सासू तुरुंगात जाऊन आलेली, सासरे, नवरा तुरुंगात जाऊन आलेले, आता लेक. तीन पिढ्यांत सरकारं बदलली, दाराशी येणारा पोलीस तोच राहिला.

आणि ऑगस्ट 1985. इनांडात हिंसाचार भडकला. भारतीयांची घरं-दुकानं लुटली गेली, कुटुंबं जीव घेऊन पळाली, आणि त्यात फिनिक्सही जळालं. गांधीजींचं 'सर्वोदय' हे घर गेलं. ज्या छापखान्यात तिनं विशीत खिळे जुळवले तो उद्ध्वस्त झाला. सुशीला अठ्ठ्याहत्तरीला टेकली होती. जाळणारे हात बाहेरून आलेल्या शत्रूचे नव्हते. ज्या शेजारासाठी वसाहत खपली, त्याच परिसरातली ती माणसं होती, वर्णभेदानं पिचलेली, उपाशी, एकमेकांवर सोडलेली. तिला काय वाटलं ते मला माहीत असल्याचा आव आणणार नाही. मी एवढंच पाहतो की इला त्यानंतरही मागं हटली नाही. ती त्याच लोकांत काम करत राहिली, 1994 च्या पहिल्या मुक्त निवडणुकीत खासदार झाली, दहा वर्षं संसदेत बसली. आई कशी होती याचा दाखला लेकीत मिळतो, असं आमच्याकडच्या बाया सोयरीक जुळवताना म्हणतात. मला तो दाखला पुरेसा वाटतो.

1988 साली सुशीला गेली. मंडेला तुरुंगातून बाहेर आलेले तिनं पाहिले नाहीत. फिनिक्सची घरं पुन्हा बांधून 27 फेब्रुवारी 2000 ला राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या हस्ते खुली झाली, तेही तिनं पाहिलं नाही.

*

तिच्याबद्दल जे काही नीट लिहिलं गेलं, त्याचं बरंचसं श्रेय तिच्या नातीचं. सीताची मुलगी उमा धुपेलिया-मेस्त्री केपटाऊनची इतिहासाची अभ्यासक. तिनं 2004 साली मणिलालचं चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केलं. पुस्तक आजोबांवरचं, पण त्यात आजी चालती-बोलती होते. लेकीच्या लेकीनं आजीला कागदावर आणलं. मराठीत मात्र सुशीलावर एखादं लहानसं पुस्तकही माझ्या पाहण्यात आलेलं नाही.

अरुण आयुष्याच्या शेवटी महाराष्ट्रात होता. 2 मे 2023 ला तो कोल्हापुरात वारला आणि त्याचे अंत्यसंस्कारही तिथंच झाले. ज्या कोल्हापूरच्या वाटेवर 1927 साली, आई-वडिलांच्या लग्नानंतर तीन आठवड्यांत, आजोबा आजारी पडले होते, तिथंच नातवाची माती झाली. वर्तमानपत्रांनी त्याची ओळख 'महात्मा गांधींचे नातू' अशी छापली. अकोल्याच्या सुशीलाचा मुलगा, असं मी तरी कुठं वाचलं नाही.

येत्या 6 मार्च 2027 ला त्या लग्नाला शंभर वर्षं पूर्ण होतात. शनिवार आहे. अकोल्याच्या वाचनालयांना, महाविद्यालयांना, महापालिकेला आणि तिथल्या गुजराती समाजाला माझी विनंती आहे. त्या दिवशी मोठा मांडव नको. एक खोली, पंचवीस-तीस माणसं, 'चि. मणिलाल आणि सुशीला' या मायन्याची पत्रं मराठीत कोणी वाचून दाखवावीत. अकोल्यातल्या एखाद्या मुलींच्या शाळेच्या वाचनालयाला तिचं नाव द्यावं. आणि तिच्या लेकीला, नातवंडांना, डरबनला एक पत्र पाठवावं: तुमच्या आईचं माहेर अजून जागेवर आहे, दारात या.

बडनेऱ्याहून अकोला दीड-दोन तासांचा रस्ता. कुरूम, माना, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव आणि अकोला. फराळाचा डबा घेऊन मी त्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी फलाटावर भेटावं.